केसरअक्कांचं पातेलं आणि चारुशीलाचा डिंक

जळगावातल्या त्या गल्लीत केसरअक्कांचं पितळी पातेलं ज्या घरी जाई ते घर गल्लीतलं, आणि ज्या घरी जात नसे ते नुसतंच गल्लीत राहणारं, असा अलिखित कायदा होता.

पातेलं होतंही तसं मातबर. दोन बाजूंना कड्या, आत दोन पोरं मांडी घालून बसतील एवढा घेर, आणि बुडाला कोण्या काळी रिव्हेट मारून बसवलेलं एक ठिगळ. होळी झाली की ते अक्कांच्या माळ्यावरून उतरायचं आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कुरडयांचा चीक शिजवत घरोघर फिरायचं. अकरा घरं, प्रत्येकाला दोन दिवस, मध्ये सोयीप्रमाणे खाडे. नंबर अक्का लावायच्या. यादी कुठे लिहिलेली नसायची, पण ती चुकली असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. नियम दोनच. पातेलं घासूनपुसून पुढच्या घरी द्यायचं, आणि रिकामं द्यायचं नाही. आत ओंजळभर कुरडया घालून द्यायच्या.

चारुशीला धुळ्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण बीएस्सी केमिस्ट्री आहोत, गल्ली आपल्याला हातोहात घेईल. सेकंड क्लास होता, पण साडेअठ्ठावन्न टक्क्यांचा, म्हणजे फर्स्ट क्लासच्या अगदी दाराशी. गल्लीने तिला 'मॅडम' हे नाव दिलं आणि तीन वर्षं नंबर दिला नाही. चौथ्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, अक्का दारात येऊन म्हणाल्या, "मॅडम, औंदा तुना चौथा नंबर. पाचवी पार्वता." चारुशीलाने त्याच दिवशी आईला अंतर्देशीय पत्र लिहिलं. लेकीला, मनूला, दाढा आल्याचं त्यात शेवटच्या ओळीत होतं.

आणि त्याच पातेल्यात तिने डिंक शिजवला.

डिंक म्हणजे बाभळीचा नव्हे. तिचे यजमान अभिमन एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या पाइपांच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तिथे शेडमागे गुजरातेतून आलेली काही पोती वर्षभर पडून होती. पॉलीप्रॉपिलीन बनवताना बाजूला पडणारा मेणचट, चिकट भाग. पाइपाला चालत नाही, फेकायला जागा नाही. साहेब म्हणाले, "कोणी नेत असेल तर उपकार होतील." अभिमन दोन पोती घेऊन आले, कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण चारुशीलाने चिमूटभर बोटात दाबून पाहिलं आणि चार वर्षं घडी करून ठेवलेली पदवी एकदम उलगडली. यात राळ आणि मेण मिसळून गरम वितळवलं की असा डिंक होतो, जो गरम लावायचा आणि थंड झाला की धरतो. वाळायची वाट नाही, पाणी नाही, वास नाही. (हा शेवटचा गुण लक्षात ठेवावा.)

जानेवारीत तिने डालड्याच्या जुन्या डब्यात पहिला घाणा केला. मनू दुपारची झोपली की स्टो पेटवायचा, उठायच्या आत सगळं उचलून उंच फळीवर ठेवायचं, कारण मनू अडीच वर्षांची होती आणि जगातली प्रत्येक वस्तू खाण्याची आहे की नाही हे तिला स्वतः तपासायचं असे. घाणा झाला फक्कड. चपलेचा अंगठा चिकटला. शेजारच्या देवचंदनानांच्या रेडिओचं बटण चिकटलं. नाना भुसावळ यार्डातून निवृत्त झालेले, त्यांनी बटण दहा वेळा ओढून पाहिलं आणि जाहीर केलं, "कपलिंग मजबूत आहे. आता धंदा टाका. पण रजिस्ट्रेशन आधी. बिना रजिस्ट्रेशन आम्ही इंजिनसुद्धा हलवत नव्हतो."

म्हणून ती मनूला कडेवर घेऊन उद्योगांची नोंदणी करणाऱ्या कचेरीत गेली.

"कशाचं उत्पादन?" कारकुनाने विचारलं.

"डिंक."

"कोणत्या झाडाचा?"

"झाडाचा नाही. पॉलीप्रॉपिलीनचा."

"रकान्यात झाडाचं नाव विचारलंय."

"मग निरंक लिहा."

"निरंक लिहिलं की वरचे साहेब मला विचारतात." त्याने थोडा विचार करून 'बाभूळ' लिहिलं, शाई वाळू दिली आणि मग मान वर केली. "बाभूळ म्हणजे वनखात्याचा दाखला लागेल."

त्या दिवशी मनूने कचेरीतली एक टाचणी गिळली की काय या शंकेने चारुशीला अर्धा तास टेबलाखाली होती. टाचणी सापडली. बाभूळ खोडायला मात्र तीन खेपा लागल्या, आणि शेवटी कारकून म्हणाला की राहत्या घरात उद्योग म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचं ना-हरकत आणा. उजवीकडे देवचंदनाना. त्यांनी सही केली, खाली हुद्दा लिहिला, आणि हुद्द्यापुढे 'निवृत्त' लिहायचं टाळलं. डावीकडे केसरअक्का. अक्का म्हणाल्या, "सही येस माले. पन कुरडया होऊ दे, मंग देखसू."

इथवर सगळं ठीक होतं. पण मार्चअखेर खोक्यांचा कारखाना असलेल्या लोटनशेठना कोणीतरी त्या चपलेची गोष्ट सांगितली. शेठनी निरोप धाडला: सोमवारी सकाळी पाच किलो नमुना पाहिजे, पण एकाच घाण्याचा. पाच वेळा शिजवलेला पाच तऱ्हेचा नको.

चारुशीलाच्या घरात सगळ्यात मोठं भांडं दीड किलोचं. आणि त्याच शुक्रवारी सकाळी, चौथा नंबर म्हणून, अक्कांचं पातेलं तिच्या अंगणात येऊन बसलं होतं.

तिने कागदावर आखणी केली. शुक्रवारी दुपारी डिंक, संध्याकाळी घासणं, शनिवारी स्वतःच्या कुरडया, रविवारी पातेलं पार्वताबाईंकडे. पार्वताबाईंच्या मुलीचं आखाजीला लग्न होतं, रुखवताच्या कुरडया व्हायच्या होत्या, तिथे उशीर चालणार नव्हता. कागदावर सगळं बसत होतं. अभिमन एवढंच म्हणाले, "अगं, ते अक्कांचं आहे." ती म्हणाली, "अहो, डिंक गरम असताना पाण्यासारखा ओतला जातो. एक थेंब राहत नाही." विज्ञानावर इतका विश्वास विज्ञानालाही नसतो.

शुक्रवारी मनू झोपली. परसात तीन दगडांची चूल, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ. पातेल्यात आधी तो मेणचट माल वितळला, मग राळ विरघळली, मग मेण. लाकडी चाटूने ढवळताना चारुशीला मधासारख्या त्या रंगाकडे बघत होती, आणि आयुष्यात प्रथमच तिला वाटलं की दीड टक्का कमी पडल्याने काही बिघडलेलं नाही.

आणि आत मनूने किंकाळी फोडली.

ती धावली. पोरीला विंचू चावला असेल. नसेल तर ताप असेल. नसेल तर टाचणी, तीच ती, पोटात राहिलेली. तिने गादी झटकली, पाय तपासले, घसा बघितला, पोट दाबून बघितलं. मनूला स्वप्न पडलं होतं. तिला परत झोपवून चारुशीला बाहेर आली तेव्हा तास होऊन गेला होता. पऱ्हाटीचा जाळ तो, भडकतोही क्षणात आणि मरतोही क्षणात. चुलीत राख होती. पातेल्यात चाटू कोणी न धरता सरळ उभा होता.

तिने चाटू ओढला. चाटूबरोबर पातेलं उचललं गेलं.

डिंकाची याहून कडक परीक्षा शेठनीही घेतली नसती. तिने पुन्हा चूल पेटवली, चाटू मोडला, चार-साडेचार किलो माल तेल लावलेल्या ताटांत कसाबसा उतरवला. उरलेला पातेल्याच्या बुडाला आणि अंगाला असा बसला की जणू पातेलं त्याच्यासाठीच घडवलं होतं. उलथन्याने खरवडला तर रबरासारखा ताणला जाई आणि सोडलं की परत जागेवर.

तेवढ्यात पुढच्या दाराशी अक्कांचा आवाज आला. "काय व मॅडम, पातेलं मिळनं ना? कोठे शे?"

खरं बोलायला एक क्षण होता. तो चारुशीलाने स्वच्छ पाहिला आणि जाऊ दिला. "कल्हईला दिलंय, अक्का," ती म्हणाली. "म्हटलं, पार्वताबाईंकडे लग्नाचं आहे, चकचकीत जाऊ दे."

अक्कांचे डोळे भरून आले. "तीस वरीस झायात, पन कोना मनमा नही उनं." आणि त्यांनी चारुशीलाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तो हात नंतर कित्येक दिवस तिच्या गालावर होता.

खोटं बोलणाऱ्याने एकतर लांबच्या गोष्टीबद्दल बोलावं, नाहीतर कोणाला नको असलेल्या. कल्हई सगळ्यांना हवी होती. दिवेलागणीपर्यंत चारुशीलाच्या ओट्यावर तेरा भांडी येऊन पडली. नानांची घंगाळी, पार्वताबाईंची परात, कोणाची तपेली. "मॅडम, तुमचं गेलंच आहे तर एवढं पण." शनिवारी सकाळी हातगाडी करून ती सगळी वरात, मध्ये पोत्याखाली झाकलेलं पातेलं, नशिराबादच्या रस्त्याला बसणाऱ्या मगन कल्हईवाल्याकडे निघाली. मागे चारुशीला, कडेवर मनू.

मगनने तेरा भांडी उजळून दिली. पातेलं भट्टीवर धरलं, ते तापलं, त्याने नवसागर टाकला आणि कापसाचा बोळा फिरवला. बोळा फिरला नाही. दुसरा बोळा पहिल्याला चिकटला. तिसऱ्याने हे दोन काढायला गेला तर तो हातालाच राहिला. धूर असा निघाला की पलीकडच्या पंक्चरवाल्याने येऊन विचारलं, कोणाचं टायर जळतंय.

"बाई," मगन दाढीत अडकलेला कापूस काढत म्हणाला, "यात स्वयंपाक कुणासाठी केला होता?"

चारुशीलाने पोतं परत पातेल्यावर ओढलं.

"घेऊन जा. नितळ करून आणा, मग कल्हई."

म्हणजे ज्याच्या नावाने कल्हई निघाली ते सोडून गल्लीतलं प्रत्येक भांडं झगमगत परत आलं. लोकांनी विचारलं, पातेलं? ती म्हणाली, मोठं आहे ना, उद्या. एक खोटं दुसऱ्याला चिकटत गेलं. तिथे डिंक लागला नाही.

शनिवारी दुपारी तिला आठवलं की हा पदार्थ रॉकेलमध्ये विरघळतो. हे शुक्रवारीच आठवायला हवं होतं, पण परीक्षेतही तिला उत्तरं पेपर दिल्यावरच आठवत. महिन्याचं सगळं रेशनचं रॉकेल तिने पातेल्यात ओतलं. लांब, परसाच्या टोकाला, चूल विझवून, मनूला आत कडी लावून, अभिमनना काडेपेटीसकट बाहेर पाठवून. तीन तास चिंध्या घेऊन ती पातेल्यात वाकली होती. डिंक सुटला. मग चिंच, मग राख, मग साबण, पुन्हा चिंच. संध्याकाळी पातेल्यात तिचं तोंड दिसू लागलं. ते तिला बघवलं नाही.

बुडाच्या ठिगळाभोवती नखाएवढी फट होती. तिथे डिंकाची एक बारीक पिवळी कड राहिली. सुईने निघेना. वास घेतला तर चिंचेचा आला. तिने स्वतःला सांगितलं, एवढ्याने काय होतंय.

तिच्या स्वतःच्या कुरडया राहून गेल्या. वाटून, पाणी बदलत ठेवलेला चीक फडक्याखाली तसाच होता. पातेल्यात ओंजळभर घालायला घरात काहीच नव्हतं, म्हणून रविवारी पहाटे तिने विकतच्या कुरडया घातल्या.

पार्वताबाईंकडे अंगणात अर्धी गल्ली जमली होती. चूल पेटवली कुंदाने, पार्वताबाईंच्या नव्या सुनेने. लग्नाला तिला चार महिने झाले होते आणि घरात ती अजून भिंतीला लागून चालायची. लाकडं ओली होती म्हणून तिने वाटीभर रॉकेल शिंपडलं, सगळ्यांच्या देखत. चीक चढला, रटरटला, पारदर्शक झाला. रीतीप्रमाणे पहिली वाटी पोरांना, तूप-साखर घालून. पोरांनी घास घेतला आणि एका सुरात थुंकला.

पार्वताबाईंनी चाखलं. अक्कांनी चाखलं.

"रॉकेल," पार्वताबाई म्हणाल्या, आणि वळल्या. "कुंदा! हात धुतले होते का तू? का तशीच घाटायला बसली? दोन पायली गहू, माय! लग्नाचा! आईनं एवढंच शिकवून पाठवलं का?"

"धुतले होते," कुंदा म्हणाली. ते कोणाला ऐकू गेलं नाही. चारुशीलाला ऐकू गेलं. ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

तिला त्या क्षणी सगळं समजलं, अगदी समीकरणासकट. ठिगळातल्या डिंकाने रॉकेल पिऊन ठेवलं होतं. चीक उकळला तसा तो मऊ झाला आणि प्यायलेलं सगळं सोडलं. कुंदा ओल्या डोळ्यांनी आपलेच हात हुंगून बघत होती. आणि चारुशीला, बीएस्सी, मनूला कडेवर घेऊन म्हणाली, "हिला ऊन लागतंय, मी निघते."

घरी येऊन तिने मनूला खाली ठेवलं. मनू दिवसभर चांगली होती. तपासायला काही नव्हतं. पोरीच्या काळजीचं निमित्त आयुष्यात पहिल्यांदाच कमी पडलं. दुपार गेली. पलीकडून पार्वताबाईंचा आवाज मधून मधून येत होता, आणि दर वेळी त्यात कुंदाची आई होती. चारुशीलाने दोनदा भाजीला फोडणी दिली, दोन्ही वेळा भाजी टाकायची राहिली.

संध्याकाळी ती गेली. अक्कांच्या ओट्यावर सगळ्या बसल्या होत्या. कुंदा खाली बसून पातेलं घासत होती, सकाळपासून तिसऱ्यांदा.

"अक्का," चारुशीला म्हणाली, "त्याचं असं आहे, की पॉलीप्रॉपिलीनचे तीन प्रकार असतात..."

"माले तीन परकार नको सांगू," अक्का म्हणाल्या. "काय व्हयनं ते सांग."

"रॉकेल मी टाकलं. पातेल्यात. डिंक निघावा म्हणून. डिंकही मीच शिजवला होता. कल्हईचं खोटं होतं."

एवढ्या छोट्या वाक्यांना तिला तीन दिवस लागले होते.

पार्वताबाई उठून उभ्या राहिल्या. "आणि सकाळी तू बघत होतीस? मी हिला बोलत होते तेव्हा? शिकलेली ना तू?"

"हो," चारुशीला म्हणाली. दोन्ही प्रश्नांना तेच उत्तर होतं.

देवचंदनाना आपल्या दारातून म्हणाले, "चूक सिग्नलची होती, आणि सस्पेंड केला भलताच गडी." त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

अक्कांनी पातेल्याकडे बघितलं. ज्या हाताने शुक्रवारी बोटं मोडली होती तो मांडीवर होता. मग म्हणाल्या, "मना संगे नको बोलू. कुंदा संगे बोल."

चारुशीला खाली बसली. राखेच्या हातांसमोर काय बोलायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "तुझे हात धुतलेले होते. तू म्हणालीस ते मी ऐकलं होतं."

कुंदाने घासणं थांबवलं. पहिल्यांदाच मान वर केली आणि सासूकडे बघितलं. पार्वताबाई पदर सारखा करण्यात गुंतल्या.

"माझा चीक तयार आहे," चारुशीला म्हणाली. "दोन पायली नाही, पण पायलीभर आहे. सगळा रुखवताला घ्या. मला शिजवता येत नाही. कुंदाने शिकवलं तर मी घाटेन."

सोमवारी कुंदाने तिला घाटायला लावलं, आणि चार महिन्यांत तिला जेवढं बोलायला मिळालं नव्हतं तेवढं त्या दोन तासांत बोलून घेतलं. "असं नाही, मॅडम. बुडापासून. गाठी होतायत. बीएस्सीत हलवायला नव्हते का शिकवत?" पार्वताबाई ऐकत होत्या, पण मध्ये पडल्या नाहीत. पातेलं दुसरं होतं, लग्नाच्या मंडपवाल्याकडून आणलेलं. अक्कांचं पातेलं कल्हईला गेलं होतं. खरोखर.

लोटनशेठचा निरोप आठवड्याने आला. अभिमननी सोमवारी पोचवलेला नमुना लावलेली खोकी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. एप्रिलचं ऊन, पत्रा तापला, डिंक मऊ झाला, आणि दुपारी तीनच्या सुमाराला सगळी खोकी एकापाठोपाठ एक आपणहून उघडली. शेठ म्हणाले, डिंक हिवाळ्याला बरा आहे. जळगावात हिवाळा किती दिवस असतो हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

ही बातमी चारुशीलाने स्वतःच अक्कांना सांगितली. लपवायला आता उरलं काय होतं. अक्कांनी कल्हई करून आलेलं पातेलं पुढ्यात ओढलं आणि ठिगळाच्या कडेने नख फिरवलं. मगनच्या भट्टीतूनही ती पिवळी कड वाचली होती.

"म्हंजे तठे टिकना नही, आठे सोडत नही," अक्का म्हणाल्या. मग नख पदराला पुसून, "रिकामं भांडं परत देवानं नही, हाई रीत गल्लीमा तू सगळास्पेक्षा चांगली पाळी."

बायका हसल्या. चारुशीलाही हसली, कान मात्र तापलेलेच राहिले. अक्कांनी ना-हरकतीचा कागद मागून घेतला आणि आता काही धोका नाही म्हणत त्यावर सावकाश, मोठ्या अक्षरांत सही केली. तो कागद अजून तिच्याकडे आहे.

पुढच्या वर्षी होळी झाली. पातेलं माळ्यावरून उतरलं. चारुशीला दारात उभी राहून बघत होती. मुद्दाम नाही, मनूला खेळवत. पहिला नंबर गेला, दुसरा गेला, चौथा तिच्या दारावरून पुढे गेला. सातव्याला तिने दारात उभं राहणं सोडलं. आखाजी पाच दिवसांवर आली तेव्हा एका सकाळी दाराबाहेर पितळेचा आवाज झाला. कुंदा होती. तिने पातेलं उंबऱ्याशी टेकवलं.

"अक्कांनी सांगितलंय, मॅडम. तुमचा अकरावा."

घरं अकराच होती. पातेल्यात ओंजळभर कुरडया होत्या.